कैसराची हद्द, आज्ञाभंगाची अट

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती समाजाला मोठ्या पेचात टाकले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, कायदा मोडणारे बहुतेक ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांचा नेता मात्र येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचे ऋण उघडपणे मान्य करत होता. कलकत्त्याचे बिशप आणि हिंदुस्थानातल्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख फॉस वेस्टकॉट यांनी भूमिका घेतली की सविनय कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही. त्यांना जे. सी. कुमारप्पांनी ख्रिस्ती म्हणूनच उत्तर दिले. तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यात जन्मलेले कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाले होते आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सरकारी जमाखर्चाचे शास्त्र शिकले होते. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम उभे करणारे कुमारप्पा ते हेच. मिठाच्या लढ्याच्या काळात त्यांनी ‘यंग इंडिया’ची धुरा सांभाळली आणि तुरुंगही पाहिला. बिशप आणि सत्याग्रही यांच्या हाती पवित्र शास्त्र एकच होते. एकाने त्यातून अधीनता वाचली, दुसऱ्याने प्रतिकार.

हा वाद ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे आणि आजही मिटलेला नाही. सरकार आपली हद्द ओलांडते तेव्हा श्रद्धावान माणसाने काय करावे? त्याने कायदा मोडावा का, आणि मोडलाच तर कधी? ख्रिस्ती श्रद्धा सरकारला हद्द घालून देते याबद्दल मला शंका नाही. पण तीच श्रद्धा कायदा मोडणाऱ्यालाही अटी घालते, आणि त्या अधिक कडक आहेत. पहिली गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहते. दुसरीचा विसर पडला की देवाचे नाव घेऊन माणसे स्वतःची सोय मागू लागतात.

आज्ञाधारकतेचा पुरस्कार करणाऱ्यांचे हक्काचे ठिकाण म्हणजे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय. सत्ता देवाने नेमलेली आहे, तिच्या अधीन राहा, कर द्या, मान द्या, असे तिथे सांगितले आहे. हा अध्याय आजवर कुणी कुणी वापरला ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १८५० साली पळालेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करण्याचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या समर्थकांनी तो वाचून दाखवला. हिटलरच्या जर्मनीत चर्चला गप्प बसवण्यासाठी तोच पुढे केला गेला. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीने त्याचा इतका आधार घेतला की १९८५ च्या ‘कैरोस’ निवेदनात तिथल्या धर्मशास्त्रज्ञांनी या प्रकाराला ‘राज्याचे धर्मशास्त्र’ असे नावच देऊन टाकले. २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी सीमेवरच्या कठोर धोरणाच्या समर्थनार्थ पुन्हा याच अध्यायाचा दाखला दिला. त्या धोरणापायी निर्वासितांची मुले आईबापांपासून तोडली जात होती. या अध्यायाचा हवाला देणारे सहसा वरच्या खुर्चीत बसलेले असतात आणि तो खालच्यांना ऐकवला जातो.

अध्याय मात्र त्यांच्या समजुतीपेक्षा अवघड आहे. पौल राज्यकर्त्याला देवाचा सेवक म्हणतो. सेवक म्हटले की त्याला धनी आला, कामही ठरलेले आले. चांगल्याला अभय आणि वाईटाला धाक, हे ते काम. सेवकच निरपराधाला धाक घालू लागला, तर त्याच अध्यायाच्या मापाने तो कामचुकार ठरतो. शिवाय नव्या करारात आणखी एक तेरावा अध्याय आहे, प्रकटीकरणाच्या पुस्तकातला. तिथे हेच साम्राज्य समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाच्या रूपात दिसते, कारण त्याने पूजा मागायला सुरुवात केली आहे. सत्ता सेवक असू शकते आणि श्वापदही होऊ शकते. दोन्ही अध्याय एकत्र वाचणाऱ्याला डोळे मिटून आज्ञा पाळताही येत नाही आणि डोळे मिटून बंड करताही येत नाही.

मग ओळखायचे कसे? बायबलमधल्या आज्ञाभंगाच्या कथा दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात सरकार माणसाला पाप करायला सांगते. निर्गमाच्या पुस्तकातल्या शिफ्रा आणि पुवा या सुइणींना फारोने इब्री स्त्रियांचे मुलगे जन्मताच मारून टाकण्याचा हुकूम दिला. त्यांनी तो पाळला नाही. दुसऱ्या प्रकारात सरकार कर्तव्याला मनाई करते. दानीएलाला प्रार्थनेची बंदी झाली, पेत्र आणि इतर प्रेषितांना येशूचे नाव घेऊन शिकवण्याची. दानीएल उघड्या खिडकीशी प्रार्थना करत राहिला. प्रेषितांनी यरुशलेमच्या न्यायसभेला सरळ सांगितले की माणसांआधी देवाचे ऐकावे लागते. तिसराही एक प्रकार आहे: सरकार पाप करायला सांगत नाही, कर्तव्यही अडवत नाही, फक्त जाच करते. कर जास्त घेते, परवाने मागते, अपमान करते. या जाचाबद्दल बायबलमध्ये आक्रोश भरपूर आहे, संदेष्ट्यांनी राजांना तोंडावर सुनावलेलेही आहे. पण केवळ जाच होतो म्हणून आज्ञा मोडण्याची मुभा तिथे सहजी सापडत नाही. सगळा घोळ या तिसऱ्या प्रकाराला पहिल्या दोघांच्या पंक्तीला बसवण्यातून होतो.

येशूला कराविषयी विचारले गेले तेव्हा त्याने नाणे मागवले आणि त्यावर मुद्रा कुणाची ते विचारले. कैसराची मुद्रा असलेले कैसराला द्यावे, देवाचे देवाला. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन याने पुढे यातला अर्थ उलगडून सांगितला: नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे, माणसावर देवाची. म्हणून कैसराने नाणे घ्यावे, माणूस मागू नये. ‘अतिक्रमण’ कशाला म्हणायचे याची याहून नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही. सरकार खूप मागते म्हणून हद्द ओलांडली जात नाही. जे त्याचे नाहीच ते मागितले की ओलांडली जाते.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या याच व्याख्येने जगल्या. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजानला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. पकडून आणलेल्या ख्रिस्ती लोकांपुढे तो सम्राटाची मूर्ती ठेवी, धूप आणि द्राक्षारस वाहायला सांगे आणि ख्रिस्ताची निंदा करायला लावी. जे करत ते सुटत. वारंवार विचारूनही जे नकार देत त्यांना तो देहदंड देई, आणि त्यामागचे कारणही सांगे: गुन्हा काहीही असो, हा हट्टच शिक्षेला पात्र आहे. रोमला त्यांच्या मनातल्या श्रद्धेशी फारसे कर्तव्य नव्हते, हवी होती चिमूटभर धुपाची कबुली. हे लोक कर भरत होते, बंड करत नव्हते, पण ती चिमूट त्यांनी दिली नाही.

इथे ख्रिस्ती इतिहासाची दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख अर्धा राहील. धूप न वाहणाऱ्यांच्या वारसांच्या हाती पुढे राजदंड आला, आणि दुसऱ्याच्या सदसद्विवेकाची किंमत त्यांना राहिली नाही. १५६० साली गोव्यात सुरू झालेले इन्क्विझिशन महाराष्ट्र-गोव्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. स्वतः छळ सोसताना मागितलेले स्वातंत्र्य सत्ता आल्यावर दुसऱ्याला न देणे, हा ख्रिस्ती राज्यांचा मोठा अपराध होता. म्हणून कायदा मोडणाऱ्यावरची पहिली अट अशी: मी जे मागतो आहे ते माझ्या विरोधकालाही द्यायला मी तयार आहे का? तयार नसेन तर माझा लढा फार तर माझ्या गटाच्या सत्तेसाठी आहे.

दुसरी अट शिकवणारे गाव फ्रान्सच्या मध्यभागातल्या डोंगराळ पठारावर आहे. ल शाँबों-सुर-लिन्यों असे त्याचे नाव. तिथले बहुतेक लोक ह्युगनो म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांचे वंशज. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हापासून शतकभर त्यांच्या पूर्वजांनी रानात लपून उपासना केली होती. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्सने जर्मनीपुढे शरणागती पत्करली. दुसऱ्याच दिवशी, २३ जूनच्या रविवारी, आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेस या पाळकांनी मंडळीला सांगितले की हिंसेला आत्मिक शस्त्रांनी विरोध करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. पुढच्या चार वर्षांत या पठाराने हजारो निर्वासितांना आसरा दिला. त्यांत ज्यू मोठ्या संख्येने होते आणि बरीच मुले होती. शेतकऱ्यांच्या घरांत, वसतिगृहांत, शाळेत ती सामावली गेली.

ऑगस्ट १९४२ मध्ये शरणागतीनंतरच्या व्हिशी सरकारचे युवक खात्याचे मंत्री गावात आले. जुलैत पॅरिसमध्ये तेरा हजारांच्या आसपास ज्यूंची धरपकड झाली होती. शाळेतल्या मोठ्या मुलांनी मंत्र्यांच्या हाती पत्र ठेवले: आमच्यात ज्यू आहेत, आम्ही माणसामाणसांत भेद करत नाही, आणि त्यांना घेऊन जाण्याचा हुकूम आला तर आम्ही तो मानणार नाही. काही दिवसांनी पोलीस बसगाड्या घेऊन आले आणि जवळजवळ रिकाम्या हातांनी परतले. फेब्रुवारी १९४३ मध्ये दोन्ही पाळकांना छावणीत डांबले गेले. सुटकेसाठी मार्शल पेतँ यांच्या व्हिशी सरकारचे हुकूम पाळण्याची हमी सही करून द्यायची होती. त्यांनी ती दिली नाही. त्यांना पुढे सोडले गेले, पण त्रोक्म्यांच्या नात्यातला दानिएल त्रोक्मे हा तरुण शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांसोबत पकडला गेला आणि १९४४ मध्ये मायदानेकच्या छळछावणीत मेला. १९९० मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने या साऱ्या परिसराचा गौरव केला.

या गावाने मोडलेला कायदा स्वतःसाठी मोडला नव्हता, हे इथे सर्वांत महत्त्वाचे. त्यांच्या उपासनेवर बंदी नव्हती. ते गप्प बसले असते तर त्यांची प्रार्थनामंदिरे उघडीच राहिली असती. आज्ञाभंगाचा लाभ परक्याला झाला आणि किंमत त्यांनी मोजली.

याच्या शेजारी जर्मनी ठेवून पाहावे. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जर्मन प्रोटेस्टंटांच्या एका गटाने हिटलरच्या राज्याला बजावले की चर्चचा प्रभू एकच, येशू ख्रिस्त. राज्याने चर्चचे काम आपल्याकडे घेऊ नये. त्या काळात हे धाडसच होते. पण त्या जाहीरनाम्यात ज्यूंविषयी एक शब्द नव्हता. तो लिहिण्यात मुख्य वाटा असलेले कार्ल बार्थ यांनी पुढे या मौनाची खंत व्यक्त केली. तरुण डीट्रिख बोनहोफर यांनी वर्षभर आधीच, १९३३ मध्ये, राज्यासंबंधी चर्चची तीन कर्तव्ये मांडली होती: राज्याला जाब विचारणे, त्याच्या बळींना ते कुठल्याही धर्माचे असोत मदत करणे, आणि वेळ आलीच तर राज्याचे चाकच अडवणे. चर्चच्या हद्दीपुरता झालेला प्रतिकार खरा होता, पण अपुरा. शेजाऱ्याला नेले जात असताना आपले अंगण राखणे हे ख्रिस्ती कर्तव्याच्या निम्मेही नाही.

तिसरी अट शिक्षेची आहे, आणि तिचे धडे १९६३ च्या बर्मिंगहॅममध्ये मिळतात. अलाबामा राज्यातल्या या शहरात वर्णभेदाविरुद्ध मोर्चे सुरू होते. पाळक फ्रेड शटल्सवर्थ तिथे कित्येक वर्षे लढत होते. १९५६ च्या नाताळच्या रात्री त्यांचे घर बॉम्बने उडवले गेले होते. १० एप्रिल १९६३ ला स्थानिक न्यायाधीशाने मोर्च्यांवर मनाई हुकूम काढला. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तो जाहीरपणे मोडला, आणि त्यासाठी १२ एप्रिलचा, उत्तम शुक्रवारचा दिवस निवडला. त्याच दिवशी आठ गोऱ्या धर्मगुरूंचे निवेदन वर्तमानपत्रात आले: मागण्या न्यायालयात न्याव्यात, रस्त्यावर नकोत. किंग यांनी तुरुंगातून लिहिलेले प्रसिद्ध पत्र त्यांनाच उत्तर आहे. अन्यायी कायदा मोडणाऱ्याने तो उघडपणे, प्रेमाने आणि शिक्षा स्वीकारून मोडावा, हा त्यातला मुद्दा आज जगभर ठाऊक आहे.

त्यापुढची हकीकत कमी लोकांना माहीत आहे. मनाई हुकूम मोडल्याबद्दल झालेली शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कायम केली. तोपर्यंत किंग यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि नागरी हक्कांचे मोठे कायदे संमत झाले होते. तरीही त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते पाच दिवसांची शिक्षा भोगायला पुन्हा बर्मिंगहॅमच्या तुरुंगात गेले. मोर्च्याला परवाना लागेल असे सांगणारा मूळ शहरी कायदा त्याच सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये घटनाबाह्य ठरवला. कायदा चुकीचा होता हे सिद्ध होण्याआधी माणसांनी शिक्षा भोगली होती. शिक्षा स्वीकारणे म्हणजे ती न्याय्य मानणे नव्हे. कायद्याच्या राज्यावर आपला विश्वास आहे आणि भांडण फक्त या एका कायद्याशी आहे, याचा तो पुरावा आहे.

ल शाँबों आणि बर्मिंगहॅम यांत एक विसंगती दिसेल. किंग उघडपणे लढले. त्या गावाने मात्र माणसे लपवली, खोटी ओळखपत्रे तयार केली. मग उघडपणाची अट कुठे राहिली? माझ्या मते ती राहिली. मंत्र्यापुढे त्या मुलांनी आपले तत्त्व लपवले नाही. लपवला तो बळींचा पत्ता. स्वतःचा बचाव करण्यासाठी लपणे वेगळे, आणि जिवावर उठलेल्यांपासून दुसऱ्याला लपवणे वेगळे. सुइणींनीही फारोला खरे सांगितले नव्हते.

आता जवळच्या काळात यावे. कोरोनाच्या साथीत अनेक देशांनी सामूहिक उपासनेवर बंधने घातली. लॉस एंजेलिसच्या ग्रेस कम्युनिटी चर्चने जुलै २०२० मध्ये मंदिरातली उपासना पुन्हा सुरू केली आणि जाहीर केले की चर्चचे मस्तक ख्रिस्त आहे, कैसर नव्हे. कॅनडात एडमंटनजवळच्या एका चर्चचे पाळक जेम्स कोट्स यांनी उपासना न घेण्याची जामिनाची अट नाकारली आणि ३५ दिवस तुरुंगात काढले. न्यायालयेही गोंधळलेली होती. नेवाडा राज्यात जुगारघरे निम्म्या क्षमतेने चालू होती आणि चर्चला मात्र ५० माणसांची मर्यादा होती, तरी जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने न्यूयॉर्कची बंधने पाच विरुद्ध चार मतांनी थांबवली. पुढे ग्रेस चर्चला तडजोडीत आठ लाख डॉलर मिळाले.

या चर्चना पेत्राची आणि दानीएलाची परंपरा लागू होते का? जुगारघराला एक नियम आणि चर्चला दुसरा, हे उघड अन्यायाचे होते. त्याविरुद्ध न्यायालयात जाणे योग्यच होते. कोट्स यांनी तुरुंग पत्करला, म्हणून त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. पण सगळ्या जमावांना सारखीच, तात्पुरती आणि जीव वाचवण्यासाठी असलेली मर्यादा म्हणजे ख्रिस्ताला नाकारण्याचा हुकूम नव्हे. कोट्स यांच्या अल्बर्टा प्रांतात उपासना पूर्ण बंद नव्हती. इमारतीच्या क्षमतेच्या पंधरा टक्के लोकांना मुखपट्टी लावून जमता येत होते. हे जाचक होते, पण पाप नव्हते. शिवाय या आज्ञाभंगाची किंमत फक्त मोडणाऱ्याने मोजली नाही. संसर्ग झाला तर त्या मंदिरात न गेलेल्या शेजाऱ्यालाही ती मोजावी लागणार होती. ल शाँबोंच्या नेमके उलटे.

साथ आणि सरकारी जबरदस्ती या विषयावर मराठी वाचकाकडे कॅलिफोर्नियाहून जवळचे उदाहरण आहे. कोरोनाच्या काळात महाराष्ट्रात लागू केलेला साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. त्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या सोल्जरांनी घरे तपासताना काय केले ते शाळकरी मुलांनाही माहीत असते. पंडिता रमाबाई तेव्हा पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. दुष्काळी भागातून आणलेल्या मुलींना शहरात ठेवण्यावर निर्बंध आले, तेव्हा त्यांनी मुलींना केडगावला हलवले. हुकूम जाचक होता, पण तो पाळून मुली वाचवता येत होत्या. मात्र सरकारी प्लेग इस्पितळात स्त्रियांची जी आबाळ आणि बेअब्रू होत होती त्याबद्दल रमाबाई गप्प बसल्या नाहीत. ‘बॉम्बे गार्डियन’ या मुंबईच्या ख्रिस्ती पत्रात त्यांनी ती छापून आणली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले, प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. ख्रिस्ती राज्यकर्त्यांविरुद्ध, ख्रिस्ती पत्रात, एका ख्रिस्ती स्त्रीने हे लिहिले होते. आपली गैरसोय सोसायची, दुसऱ्याच्या विटंबनेबद्दल बोलायचे, हा विवेक मला २०२० च्या गाजलेल्या आज्ञाभंगांपेक्षा मोलाचा वाटतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. पाप करण्याचा हुकूम येईपर्यंत थांबायचे म्हटले तर फार उशीर होतो. सत्ता एकदम श्वापद होत नाही. जाच वाढत वाढत तिथे पोहोचते, आणि तोवर माणसे हो म्हणायला सरावलेली असतात. हे मला मान्य आहे. ल शाँबोंच्या लोकांनीही ज्यूंची धरपकड सुरू होण्याआधीच नकाराचा सराव केला होता: शाळेत फॅसिस्ट धाटणीची ध्वजवंदना टाळली, सरकारच्या सोहळ्यासाठी चर्चची घंटा वाजवली नाही. पण हे नकार कसले होते ते पाहा. कर बुडवला नव्हता, परवान्यांवरून भांडण काढले नव्हते. त्यांनी नाकारली ती सत्तेची पूजा. लहान असो वा मोठी, धुपाची चिमूट पहिल्या दिवसापासून नाकारता येते. जाचाविरुद्ध मात्र बोलणे, लिहिणे, मतपेटी आणि न्यायालय ही साधने आधी थकवावी लागतात. ती साधनेच काढून घेतली असतील तर गोष्ट वेगळी. बर्मिंगहॅममधल्या कृष्णवर्णीयांना मतदान जवळपास अशक्य करून ठेवले होते. मीठ बनवणाऱ्या हिंदुस्थानी माणसाला तो कायदा रद्द करणारे सरकार निवडता येत नव्हते. म्हणून कुमारप्पा बरोबर होते आणि बिशप वेस्टकॉट चुकले, असे मी म्हणतो. गरिबाच्या भाकरीतल्या मिठावरचा कर त्या गरिबाला विचारून लावलेला नव्हता, आणि सत्याग्रही लाठी खात होते, मारत नव्हते.

गोव्यात हा प्रश्न आणखी तीव्र झाला, कारण तिथे राज्यकर्ते धर्मालाच ढाल करत होते. पोर्तुगीज सरकार जगाला सांगत होते की गोवा गेला तर कॅथलिक श्रद्धा धोक्यात येईल. १५ ऑगस्ट १९५४ ला गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींच्या तुकड्यांचे नेतृत्व मात्र गोमंतकीय कॅथलिकांकडे होते. तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावणाऱ्या तुकडीचे नेते आल्फ्रेड आफोन्सो होते. त्यांच्या आधी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांनी लष्करी न्यायालयाची शिक्षा घेऊन पोर्तुगालमधला तुरुंग पाहिला होता. १९५५ मध्ये नेहरू पोपना भेटले आणि गोव्याचा प्रश्न धार्मिक नसून राजकीय आहे हे त्या भेटीतून स्पष्ट झाले. आपल्याच धर्माचे नाव घेणारी सत्ता खोटे बोलत असेल तर ते सांगण्याची पहिली जबाबदारी त्या धर्माच्या माणसावर येते.

दुसरा आक्षेप: सदसद्विवेकाच्या नावाखाली कुणीही काहीही टाळेल. २०१५ मध्ये केंटकीतल्या किम डेव्हिस या निवडून आलेल्या अधिकारी बाईंनी समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने देणे नाकारले आणि पाच दिवस तुरुंगात काढले. शिक्षा त्यांनी सोसली, पण त्या स्वतःच सरकार होत्या. हुकूम नको असेल तर खुर्ची सोडण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. खुर्ची धरून ठेवून दुसऱ्याचा हक्क अडवणे हा आज्ञाभंग वरून खाली येणारा आहे, आणि वरून खाली येणाऱ्या गोष्टीला सहसा सत्ता म्हणतात. याउलट १९८५ मध्ये केरळातल्या तीन शाळकरी भावंडांनी काय केले ते पाहा. यहोवाचे साक्षी पंथाची ही मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. मुलांनी कुणाला गाण्यापासून अडवले नव्हते. ही मुले ज्या पंथाची, त्याला बहुतेक चर्च ख्रिस्ती मानत नाहीत. पण पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती माणसाने त्यांना ओळखले असते.

भारतात आज हा विषय कागदावरचा नाही. अनेक राज्यांच्या धर्मांतरविषयक कायद्यांत धर्म बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची सक्ती आहे. बळजबरी आणि फसवणूक यांवर बंदी असावी, त्याला कुणाचीच हरकत नसावी. पण मी कशावर विश्वास ठेवणार हे कचेरीत आधी नोंदवायला लावणे म्हणजे नाण्यापलीकडचे मागणे आहे. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अशी पूर्वसूचनेची तरतूद रद्दही केली होती. ख्रिस्ती संस्थांनी ती लढाई न्यायालयात लढली, हे योग्य झाले. मात्र हाच हक्क ख्रिस्ती घर सोडून दुसऱ्या धर्मात जाणाऱ्यालाही त्यांनी मोकळ्या मनाने दिला पाहिजे.

कैसराने हद्द ओलांडली, असे म्हणणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने कायदा मोडण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. माझ्याकडून पाप करून घेतले जात आहे किंवा कर्तव्य अडवले जात आहे, की फक्त माझी गैरसोय होत आहे? माझ्या आज्ञाभंगाने कुणाचे रक्षण होते, आणि त्याची किंमत कोण मोजतो? शिक्षा घ्यायला मी तयार आहे का? आणि हेच स्वातंत्र्य मी माझ्या विरोधकाला देईन का? चारही उत्तरे खरी निघाली तर जरूर मोडावा, आणि बिशपांनाही तसे सांगावे. एखादे उत्तर लटके निघाले, तर न्यायालयात जावे, वर्तमानपत्रात लिहावे, मत द्यावे. ख्रिस्ताचे नाव मात्र मध्ये आणू नये.